सीताफळी शाल

१

"ही ती शाल नव्हे."

एवढंच मी म्हणाले. तेही काचेला नाक लावून, स्वतःशी पुटपुटावं तसं. पण काकड्यांचं वस्त्रसंग्रहालय म्हणजे एकच लांबलचक दगडी खोली. पूर्वी ते कापसाचं गोदाम होतं. तिथं कुणी कुजबुजलं तरी ते पार दुसऱ्या टोकाला ऐकू जातं.

हारिसचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. हारिस म्हणजे आमचा वाटाड्या, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. दर रविवारी तो हौशी लोकांना घेऊन संभाजीनगरच्या जुन्या शहरात फिरतो. 'सोपी फेरी, गुडघेदुखीवाल्यांनीही यावं' असं त्यानं लिहिलं होतं, म्हणून मी धीर केला. सकाळी साडेसातला भडकल दरवाज्याखाली आम्ही आठ जण जमलो होतो. तिथून हळूहळू महमूद दरवाजा, खाम नदीवरचा पूल आणि पाणचक्की. हारिस नहरीची गोष्ट सांगत होता आणि मी मात्र माझ्याच गोष्टीत होते. लहानपणी वडील मला हौदाच्या काठावर उभं करायचे, पाण्याचे तुषार तोंडावर यायचे आणि वडील म्हणायचे, "हे पाणी हर्सूलकडून जमिनीखालून चालत आलंय, आणि तू दोन पावलांत दमलीस?"

पाणचक्कीवरच पाच जण नाश्त्याला गळाले. संग्रहालयापर्यंत पोचलो ते तिघं. मी, मोनिका नावाची कपड्यांचं दुकान चालवणारी मुलगी, आणि नाशिकहून आलेले इंद्रजीत नावाचे निवृत्त इंजिनियर.

दाराजवळच्या टेबलामागून साहेबराव काकडे उठले. हे संग्रहालय त्यांच्या वडिलांचं, आबांचं. करमाडला त्यांची मोठी शेती होती. आबा गेल्यावर साहेबरावच रोज इथं येऊन बसतात.

"काय म्हणालात, करुणाताई?"

तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं. पण बत्तीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलेली बाई मी. कापडाबद्दल कुणी विचारलं की तोंड आपोआप उघडतं.

"आबांच्या शालीत शेवटच्या ओळीतलं एक सीताफळ उललेलं होतं," मी म्हणाले. "बाकी सगळी मिटलेली आणि ते एकच फुटून बिया दिसणारं. विणणाऱ्याची ती खूण. मी दर वर्षी शाळेच्या मुली घेऊन यायचे तेव्हा आबा पेटी उघडून दाखवायचे आणि म्हणायचे, शोधा गं पोरींनो. ह्या शालीची शेवटची ओळ वरच्या घडीवर दिसतेय, आणि त्यात सगळीच मिटलेली आहेत."

साहेबराव काचेकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग ते ताठ झाले.

"म्हणजे चोरी झाली. सांडू, दाराला कुलूप घाल."

सांडू हा तिथला राखणदार, पिशोरचा, पन्नाशीचा. तो जागचा हलेना. साहेबरावांनी स्वतःच जाऊन जाड लाकडी दार ओढलं, आडणा टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

"काल संध्याकाळी सहा वाजता मी ही पेटी बघितलीय," ते म्हणाले. "आत अस्सल शाल होती. सांडू, सहानंतर इथं कोण आलं होतं?"

सांडूनं मान खाली घातली.

"बोल ना!"

"हारिसभाऊ आले व्हते जी. सातच्या टायमाला. पाट्या लावाया."

२

मी नव्वापुऱ्यात वाढले. हारिसची आजी अनवरी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिच्या सासऱ्यांचा हिमरूचा माग आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता. सुती ताणा, रेशमी बाणा, आणि दिवसभर तो खटखटाट. सीताफळाची नक्षी फक्त त्याच मागावर निघायची. दौलताबादच्या बाजूला सीताफळं पिकतात, ती बघून त्यांनीच ती बांधली होती म्हणे. माग केव्हाच मोडला. नक्षी कुणी उतरवून ठेवली नाही. त्या घरात आता चिंधीसुद्धा उरलेली नव्हती. उरली होती ती एकच शाल, ह्या पेटीतली.

आणि हे साहेबरावांनाही माहीत होतं.

"किती वेळा मागितलीस तू ती शाल माझ्याकडे?" ते हारिसवर गरजले.

"मागितली नाही, साहेब. दोन तास हातात द्या म्हटलं होतं, इथंच, तुमच्यासमोर. नक्षी उतरवून घ्यायला."

"तेच ते!"

"तेच कसं?" हारिस एक पाऊल पुढे आला. "मेरे परदादा की बुनी हुई चीज मी चोरीन? आणि चोरून आज सकाळी लोकांना घेऊन तीच दाखवायला येईन?"

"शहाणा चोर असाच येतो," इंद्रजीत म्हणाले. त्यांचं कुणी मत विचारलं नव्हतं. एक वाजता त्यांची बस होती आणि ते दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

साहेबराव मोबाईल कानाला लावून कोपऱ्यात गेले. आम्हाला पाठमोरे. परत येऊन म्हणाले, "पोलिसांना कळवलंय. ते येईपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही. तोवर हारिस, तुला संधी आहे. शाल कुठंय ते सांग."

हारिस भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याच्याशेजारच्या बाकावर बसले. माझा गुडघा ठणकत होता.

"बाई," तो हळूच म्हणाला. त्याची आई माझी विद्यार्थिनी, म्हणून तोही मला बाईच म्हणतो. "मंगळवारी माझ्या परवान्याची पोलीस पडताळणी आहे. सरकारी गाईडचा परवाना. दोन वर्षं लेखी, तोंडी, सगळं पास केलं. आज माझं नाव ठाण्यात लिहिलं गेलं, तर..."

त्यानं वाक्य पूर्ण केलं नाही. गरजच नव्हती. ही वेळ त्याच्यावर माझ्यामुळे आली होती. मी तोंड उघडलं नसतं तर तो आत्ता शेवटच्या पेटीपाशी उभा राहून आम्हाला पगड्यांचे प्रकार सांगत असता.

वीज गेली. पंखे घरघरत थांबले. चैत्रातली सकाळ, दहा वाजले नाहीत तोच त्या दगडांतून उष्मा यायला लागला. खिडकी एकही नाही. पूर्वेच्या भिंतीत छताजवळ गजांचे झरोके होते, त्यांतून उन्हाचे चार पट्टे आत उतरले होते. त्यांत धूळ तरंगत होती. बाहेरून एक भाजीवाली ओरडत गेली. पाच पावलांवर रस्ता होता आणि तिथं जाता येत नव्हतं.

तेवढ्यात हारिसचा फोन थरथरला. पुन्हा थरथरला. मग थांबेचना.

त्यानं बघितलं आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. 'छत्रपती संभाजीनगर वारसा फेरी' या गटावर इंद्रजीतांचा निरोप होता. 'सावधान. गाईड हारिसने संग्रहालयातील पुरातन शाल चोरली. आम्हाला कोंडून ठेवले आहे.' गटात चारशे बारा माणसं. खाली उत्तरांची रांग वाढत होती.

"तुम्ही हे काय केलंत?" मी इंद्रजीतांना विचारलं.

"लोकांना सावध करायला नको? नागरिक म्हणून..."

"नागरिक म्हणून पंधरा मिनिटं कळ काढवली नाही का?"

"अब्बूने भी पढ लिया," हारिस म्हणाला. त्यानं मोबाईल उलटा करून जमिनीवर ठेवला.

३

"सगळ्यांच्या पिशव्या बघू," इंद्रजीत म्हणाले. "माझीपण बघा. म्हणजे आम्ही तरी सुटू."

हारिसनं आपणहून सॅक उलटी केली. पाण्याची बाटली, नकाशे, पाट्या चिकटवायचा टेप, सफरचंद. इंद्रजीतांच्या पिशवीत दाढीचं सामान आणि नानखटाईचे तीन पुडे निघाले. माझ्या पिशवीत औषधं, चष्मा, छत्री.

मोनिका पिशवी छातीशी धरून उभी होती.

"ताई, तुमची?" इंद्रजीत म्हणाले.

"माझी कशाला? मी तर आत्ता आले ना तुमच्यासोबत!"

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

"हरकत काही नाही..." तिनं माझ्याकडे बघितलं. "आजी, तुम्हीच बघा. पण आधी ऐका माझं."

मी चेन उघडली. वर वही होती, खाली ओढणी, आणि ओढणीखाली मऊ, घडी घातलेलं, डाळिंबी रंगाचं कापड. त्यावर सीताफळं.

"सापडली!" इंद्रजीत ओरडले. "हारिसची साथीदार!"

"साथीदार काय?" मोनिका उसळली. "विकत घेतलीय मी! इथूनच, ह्याच टेबलावरून! साहेबरावकाका, सांगा ना. संग्रहालयाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तुम्ही नकला काढल्या होत्या की नाही?"

सगळ्यांनी साहेबरावांकडे बघितलं. त्यांनी रुमालानं मान पुसली.

"काढल्या होत्या," ते म्हणाले. "यंत्रमागावर. फोटोवरून. दोन हजार एकोणीसला. शंभर नग."

"आणि ही मी तेव्हाच घेतली. पण घालायचा प्रसंगच आला नाही, कपाटात पडून होती. आज म्हटलं अस्सल शालीशेजारी धरून बघू, रंग किती जवळचा आहे ते. मला असलं काही दुकानात ठेवायचंय. काका पेटी उघडून देतील का, एवढंच विचारायला आले होते."

"मला कधी उघडून दिली नाही," हारिस खालूनच म्हणाला. "वर्षभर येतोय मी."

माझं लक्ष त्याच्या बोलण्याकडे गेलं. "हारिस, खरं सांग. तुला कधी शंका आली नाही? विणकराच्या घरचा ना तू?"

त्यानं मान वर केली. 

"आली होती, बाई. एवढं जुनं कापड असं घट्ट, एकसारखं कसं? पण काच मळकी, घडी घातलेली. आणि बोललो असतो, तर हे दार माझ्यासाठी बंद झालं असतं. म्हटलं, एक दिवस उघडतील, तेव्हा बघू."

"ऐकलंत?" साहेबराव म्हणाले. "ह्याला माहीत होतं!"

"साहेबराव," मी म्हणाले, "ह्याला शंका वर्षभरापासून आहे. आणि तुम्ही म्हणता, शाल कालपर्यंत अस्सल होती."

 त्यांनी रुमालाची घडी करून तो खिशात घातला.

"पेटी उघडा," मी म्हणाले. "दोन्ही शाली शेजारी ठेवायच्यात मला."

"पोलीस आल्यावर."

"पोलीस चौकी ह्याच रस्त्याच्या वळणावर आहे. मी काठी टेकत गेले तरी सात मिनिटं लागतील. तुम्ही फोन करून पाऊण तास झाला."

साहेबरावांचा हात खिशाकडे गेला. एका खिशात फोन होता, दुसऱ्यात किल्ल्या. हात मध्येच थांबला.

४

पेटी शेवटी सांडूनं उघडली. त्याच्या खोलीत खिळ्याला एक जादा किल्ली असते, ती त्यानं आज सकाळी झाडताना कमरेला लावली होती. साहेबरावांनी "नको" म्हणायला तोंड उघडलं, पण त्यानं त्यांच्याकडे बघितलंच नाही.

आतली शाल मी बाहेर काढली. मागची बाजू उलटून बघितली. हातमागाच्या हिमरूला मागून रेशमाचे मोकळे धागे लोंबतात, कापडाला दुसरा थर असावा तसे. इथं ते यंत्रानं कापून सपाट केलेले. सीताफळही सगळीकडे तेच एक, मिटलेलं. म्हणजे ही त्या शंभरांतलीच एक. इंद्रजीतांनी मान हलवली, जणू त्यांना आधीच ठाऊक होतं.

मग मी दोन्ही शाली पूर्ण उलगडून बाकावर शेजारी शेजारी पसरल्या.

"अगंबाई," मोनिका म्हणाली.

मोनिकाची शाल सगळी एकसारखी डाळिंबी होती. पेटीतली तशी नव्हती. घडीच्या आत राहिलेला भाग डाळिंबी आणि वर राहिलेल्या घडीवर हातभर रुंदीचा एक पट्टा विटकरी, जवळजवळ बदामी झालेला. त्याची कड सरळ, पट्टीनं आखावी तशी.

मी वर बघितलं. सगळ्यांनी बघितलं. झरोक्यातून उतरलेला उन्हाचा दुसरा पट्टा रिकाम्या पेटीच्या अगदी मधोमध पडला होता.

"दुकानाच्या काचेत साडी लावली तर रंग उडायला किती दिवस लागतात गं, मोनिका?"

"भर उन्हात असेल तर काही महिने. पण इथं तर सकाळचं तासभरच ऊन. आणि वरून काच." तिनं पट्ट्यावर बोट फिरवलं. "वर्षं लागतील, आजी. तीन, चार. जास्तच."

"एका रात्रीत?"

"छे!"

मी इंद्रजीतांकडे वळले. "तुम्ही इंजिनियर. तुम्हीच सांगा. ही नक्कल काल सातला पेटीत ठेवली असेल का?"

ते चष्मा काढून जवळ आले. पट्टा बघितला, झरोका बघितला, पुन्हा पट्टा. पहिल्यांदाच त्यांना घड्याळाचा विसर पडला.

"नाही," ते म्हणाले. "शक्यच नाही."

हारिस उभा राहिला. पण त्याच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. "बाई, मग शाल गेली कुठं? चार वर्षांपूर्वीच गेली असेल तर आता कुठं मिळणार ती?"

तेच मलाही कळत नव्हतं. त्या उकाड्यात डोकं चालेना. एक वास मघापासून मला छळत होता. आत आल्यापासून येत होता तो, कपाटाचा, बंद ट्रंकेचा. डांबरगोळ्या.

"सांडू, पेट्यांत डांबरगोळ्या कोण ठेवतं?"

"पयले ठिवत नव्हते, माय. आबासाहेब असताना कडूलिंबाचा पाला असायचा. दर चैतात म्या गावाकडून वाळवून आणायचो, ते मलमलीत बांधून ठिवायचे. मंग ते लॉकडाऊन लागलं. म्या अडकलो पिशोरला, पाला आणतंय कोन? सायबांनी सोताच्या हातानं गोळ्या ठिवल्या समद्या पेट्यांत."

"सगळ्या?"

"समद्या."

मी भिंतीच्या कडेनं चालायला लागले. पगड्यांच्या पेटीत कोपऱ्यात गोळ्यांची पुरचुंडी होती. घोंगड्यांच्या पेटीत होती. सुती अंगरखे, सतरंज्या, जाजमं, सगळीकडे पांढरी पुरचुंडी.

सीताफळी शालीच्या पेटीत नव्हती.

नाव संग्रहालयाचं, पण खरं तर ती पेटी म्हणजे आबांचा जीव. आणि नेमक्या त्याच पेटीतून कुणीतरी गोळ्या काढून घेतल्या होत्या.

मी साहेबरावांकडे वळले. ते खुर्चीत बसले होते. मघाचा ताठा कुठंच नव्हता.

५

"मी सांगते," मी म्हणाले. "चुकले तर अडवा.

"शाल काल गेली नाही. नक्कल पेटीत येऊन चार वर्षं झाली. तुम्ही रोज इथं बसता, नकला तुम्हीच काढून घेतल्या. तुम्हाला फरक कळत नाही असं होणार नाही. तरी तुम्ही म्हणालात, काल सहाला अस्सल होती. म्हणजे तुम्ही खोटं बोललात. पोलिसांना फोनही केला नाहीत. केला असता तर ते एव्हाना दार ठोठावत असते."

"विकली!" इंद्रजीत म्हणाले.

"थांबा हो. विकली असती तर एका पेटीतल्या गोळ्या काढायचं काय कारण? ज्यानं त्या काढल्या, त्यानं त्या काय करतात ते डोळ्यांनी बघितलं होतं. सुती कापडाला, लोकरीला गोळ्या चालतात. म्हणून बाकीच्या पेट्यांत त्या अजून आहेत. पण त्या शालीच्या काठाला चांदीची जर होती."

मोनिकानं तोंडावर हात ठेवला. कापडाच्या धंद्यातली होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

"जरीला डांबरगोळी लागली की जर काळी पडते," मी इंद्रजीतांसाठी म्हणाले. "आमच्या आया साडीच्या ट्रंकेत कधी गोळी जाऊ द्यायच्या नाहीत. पण पुरुषांना ट्रंक कोण दाखवतं? त्यांना वाटतं, पाला म्हणजे अडाणीपणा, गोळी म्हणजे औषध."

 मग साहेबराव उठले, टेबलाचा खालचा खण ओढला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी बाहेर काढलं. तान्हं मूल उचलावं तसं.

शाल होती. काठ काळा, धुरकट. अंगावर ठिकठिकाणी पिवळट डाग, सुपारीएवढे, गोळ्या टेकल्या होत्या तिथं तिथं. शेवटच्या ओळीत ते उललेलं सीताफळ. मी तीस वर्षांपूर्वी शोधलेलं.

"नऊ महिने बंद होतं सगळं," ते म्हणाले. "उघडली तर ही अशी. राजनंदिनी, माझी बहीण, आबा गेले तेव्हा म्हणाली होती, मुंबईच्या मोठ्या संग्रहालयाला देऊ, तिथं जाणती माणसं आहेत. मी भांडलो तिच्याशी. म्हटलं, मी सांभाळीन. आबांनी माझ्या भरवशावर ठेवलीय." त्यांनी नाक ओढलं. "कुणाला सांगणार? नक्कल ठेवली. कुणाच्या लक्षात आलं नाही. चार वर्षं रोज येऊन त्या नकलेसमोर बसलो मी. कुठं गावाला गेलो नाही. कुणी निरखून बघेल म्हणून."

"आणि आज मी बोलले."

"तुम्ही बोललात, आणि मला सुचेना. चोरी म्हणून बसलो. मग चोर लागला."

"अन् मी दिसलो," हारिस म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

सांडू भिंतीकडे तोंड करून उभा होता. "सायेब," तो म्हणाला, "मला इचारलं असतं तर पाला धाडला असता म्या. एश्टी बंद व्हती तर चालत आलो असतो."

६

साहेबरावांनी किल्ली काढली आणि दाराकडे निघाले.

"तिकडे नंतर," मी म्हणाले. "आधी ते." मी जमिनीवरच्या उलट्या मोबाईलकडे बोट दाखवलं. तो अजून थरथरत होता.

"मी निरोप काढून टाकतो," इंद्रजीत घाईनं म्हणाले. "आत्ता काढतो."

"चारशे जणांनी वाचलेलं कसं काढाल? त्याच्या वडिलांनी वाचलेलं?" मी साहेबरावांसमोर उभी राहिले. "तुम्ही बोला. तुमच्या आवाजात. त्या गटावर."

"करुणाताई, राजनंदिनी आहे त्या गटावर."

"ठाऊक आहे मला."

"मी लिहून देतो. शाल सापडली, गैरसमज झाला, हारिसचा काही संबंध नाही. एवढं पुरे ना?"

"कुठं सापडली म्हणून विचारतील. कोण म्हणालं चोर म्हणून विचारतील. आणि उत्तर मिळालं नाही की म्हणतील, त्यानंच घाबरून परत आणून दिली. मंगळवारी पडताळणीला येणारा शिपाईही तेच म्हणेल."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग हारिसकडे. हारिस काही मागत नव्हता. तो नुसता उभा होता. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, हात लोंबते सोडलेले.

इंद्रजीतांनी आपला मोबाईल पुढे केला. साहेबरावांनी तो घेतला. बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"मी साहेबराव काकडे बोलतोय. संग्रहालयातून." ते थांबले.  "शाल चोरीला गेलेली नाही. ती माझ्याकडेच आहे. माझ्या चुकीनं ती खराब झाली, चार वर्षांपूर्वी. मी ते लपवलं. पेटीत नक्कल ठेवली. आज उघडं पडलं तेव्हा मी हारिसवर आळ घेतला. त्यानं काहीही केलेलं नाही. मी... त्याची माफी मागतो. राजू, तुझीपण."

त्यांनी बटण सोडलं. पंखे अजून बंदच होते.

दोन मिनिटंही झाली नसतील, त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर बहिणीचं नाव. त्यांनी तो वाजू दिला. जाऊन कुलूप काढलं, आडणा बाजूला सारला. दार करकरत उघडलं आणि रस्त्यावरचं ऊन, धूळ, रिक्षांचे आवाज सगळं एकदम आत आलं. मग परत येऊन त्यांनी फोन उचलला. "हो," म्हणाले. "ऐकतोय. बोल."

इंद्रजीत नानखटाईचा एक पुडा हारिसच्या हातात कोंबायला गेले. त्यानं घेतला नाही. ते ओशाळून बसच्या दिशेनं निघून गेले.

फोन झाल्यावर साहेबराव शालीपाशी आले. ती त्यांनी जपून घडी केली, मलमलीच्या तुकड्यात ठेवली आणि हारिसपुढे धरली.

"घेऊन जा. दोन तास नाही, महिनाभर ठेव. काठ गेलाय, पण नक्षी आहे. उतरवून घे. आजीला दाखव."

हारिसनं शालीकडे बघितलं. मी त्याला ओळखते. त्याच्या आईला ओळखते, अनवरीला ओळखते. त्या घरातलं कुणी त्या कापडाकडे बघेल तर कसं बघेल ते मला माहीत आहे. त्याचे हात वर आले. मलमलीपर्यंत पोचलेसुद्धा. मग त्यानं ते मागे घेतले.

"आज नाही, साहेब."

"अरे, मी देतोय. सगळ्यांसमोर देतोय."

"तुम्ही देताय. पण बाहेर चौकात माणसं जमलीत. अर्ध्यांनी पहिला निरोप वाचलाय, दुसरा ऐकलाच नसेल. आज मी ही घेऊन दारातून निघालो तर..." तो कसंनुसं हसला. "कशाला?"

"मग मी सोबत येते तुझ्या," मी म्हणाले. "धरते मी."

"नको, बाई. आज हे इथंच राहू दे."

त्यानं जमिनीवरून आपल्या वस्तू गोळा केल्या. बाटली, नकाशे, टेप. सफरचंद सांडूला दिलं. सॅक खांद्यावर टाकली आणि माझा हात धरायला आला. मी म्हटलं, "हारिस, मी आधी बोलायला नको होतं." तो म्हणाला, "आपने सच बोला, बाई. त्याला काय करणार?"

उंबऱ्यावर मी एकदा त्याच्या पाठीकडे बघितलं. सॅकची चेन उघडीच होती. मी ती लावायला हात पुढे केला.

"राहू द्या," तो म्हणाला. "उघडीच राहू द्या."

आणि तसाच, पाठीवरची पिशवी सगळ्या गल्लीला दिसेल अशी उघडी ठेवून, तो उन्हात उतरला.